साहेब समोर नसताना हॉटेल कसं चालतं?

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की हॉटेल लाइनमध्ये, म्हणजे हॉटेल, रेस्टॉरंट, रिसॉर्ट, केटरिंग काहीही असो, तुमचा साहेब किंवा मालक कसा आहे आणि त्याचा तुमच्या कामावर काय परिणाम होतो ते लिहून पाठवा. पत्रं भरपूर आली, मेल त्याहून जास्त, आणि गंमत म्हणजे मालकांनी स्टाफबद्दल लिहिलंय, स्टाफने मालकांबद्दल, स्वतःबद्दल कोणीच नाही. नावं कोणाचीच छापत नाहीये कारण निम्म्या लोकांनी तशी अटच घातलीये आणि ते बरोबरच आहे, ही लाइन छोटी आहे, दादरला कोणी शिंकलं की पणजीत कळतं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, जी देतोय ती काही फार लांबलीत आणि काही अगदीच तोकडी आहेत, सांभाळून घ्या.

प्रश्न: सर, मी पुण्यात एका बिझनेस हॉटेलात कॅप्टन, म्हणजे वेटरांचा म्होरक्या, होतो, आता असिस्टंट रेस्टॉरंट मॅनेजर झालोय. ज्यांच्याबरोबर मागच्या गेटवर चहा प्यायचो तीच पोरं आता ऐकत नाहीत. कडक वागलो तर म्हणतात शहाणा झाला, गोड वागलो तर डोक्यावर बसतात. लीडरशिपचा एखादा कोर्स करावा का? (पुणे)

उत्तर: कोर्स करायचाय तर करा, दोन दिवस एसीत बसून बरं वाटेल, पण परत आल्यावर पोरं तुमचं भाषण ऐकणार नाहीत, ती ड्युटी चार्ट बघणार. हॉटेलात माणूस साहेबाला ओळखतो तो चार्टवरून. शनिवार-रविवारचा ऑफ कोणाला, ब्रेक शिफ्ट (सकाळी काम, दुपारी मोकळं, रात्री परत काम) सारखी कोणाच्या गळ्यात, रात्री एकला क्लोजिंग करून घरी गेलेल्याला सकाळी सहाला ब्रेकफास्टला कोणी लावलं, आणि तेही आदल्या रात्री अकराला व्हॉट्सॲपवर कळवून. तुम्ही कॅप्टन होतात तेव्हा तुम्हीही हेच बघत होतात ना, मग ती आता वेगळं काय बघतील. तर पहिलं काम, चार्ट निदान आठवडाभर आधी लावा आणि लावल्यावर स्वतःच्या सोयीने खोडाखोड करू नका, वीकेंडचा ऑफ फिरता ठेवा, आणि त्या चहावाल्या मित्रांपैकी जो सगळ्यात जवळचा आहे त्याला बाजूला घेऊन आधीच सांगा की बाबा रे, काही महिने तुला माझ्याकडून काहीही जास्तीचं मिळणार नाही, राग मानू नकोस. एकदा बाकीच्यांना दिसलं की याच्या हातात चार्ट आलाय पण हा तो आपल्या माणसांसाठी वाकवत नाही, की शहाणा झाला वगैरे कमी होतं. पूर्ण बंद होणार नाही, तेवढं चालायचंच.

कडक की गोड यात अडकू नका असं मला वाटतं. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यात एक भयंकर तापट गृहस्थ होते, ग्लासवर बोटाचा ठसा दिसला तर आख्खा ट्रे परत पुसायला लावायचे, पण त्यांच्या शिफ्टला लागावं म्हणून लोक धडपडायचे, कारण नियम सगळ्यांना एकच होता आणि रश झाला की स्वतः कोट काढून प्लेटा उचलायचे. दुसरे एक साहेब फार गोड, कोणाला नाही म्हणायचे नाहीत, एकाच दिवसाचा ऑफ दोघांना कबूल करायचे, आणि त्यांच्या शिफ्टला निम्मी माणसं आजारी पडायची, ऐनवेळी. आता यातला लीडर कोण ते तुम्हीच ठरवा.

आणि ब्रीफिंग रोज घ्या, दहा मिनिटं, उभ्याउभ्या. आज काय संपलंय, कुठल्या टेबलला वाढदिवस, कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, काल काय तक्रार आली आणि तिचं पुढे काय झालं. उपदेश नको. शेवटची दोन मिनिटं पोरांना बोलू द्या, पहिले काही दिवस कोणी तोंड उघडणार नाही, तरी थांबा. रिट्झ-कार्लटन या बड्या हॉटेलसाखळीवाले जगभर प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला असं लाइन-अप घेतात, अमेरिकेतलं क्वालिटीसाठीचं माल्कम बाल्ड्रिज ॲवॉर्ड त्यांना दोनदा मिळालं, १९९२ आणि १९९९ मध्ये. त्यांची अजून एक गोष्ट प्रसिद्ध आहे, गेस्टची अडचण सोडवायला कोणताही कर्मचारी, अगदी हाऊसकीपिंगचा मुलगासुद्धा, वर न विचारता दोन हजार डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. आपल्याकडे एवढं कोणी देणार नाही, माहितीये मला, पण थंड सूप आलं तर एक डेझर्ट कॉम्प्लिमेंटरी द्यायचा अधिकार तरी कॅप्टनला द्या की. नाहीतर तो बिचारा गेस्टला तसाच बसवून तुम्हाला शोधत फिरणार आणि तुम्ही स्टोअरमध्ये इंडेंट, म्हणजे मालाच्या मागणीच्या चिठ्ठ्या, तपासत असणार, गेस्टचं तोंड तोवर वाकडं ते वाकडंच.

प्रश्न: तारकर्लीला आमचं छोटं रिसॉर्ट आहे, आठ खोल्या आणि रेस्टॉरंट. दिवाळीला पोरं घेतो, शिकवून तयार करतो, आणि ऐन मे महिन्यात हजार-दोन हजार जास्त मिळाले की ती गोव्याला पळतात. हल्लीच्या पोरांना निष्ठाच राहिली नाही. त्यांना मोटिव्हेट कसं करावं? (मालवण)

उत्तर: निष्ठा हा शब्द मी आजवर मालकांच्याच तोंडून ऐकलाय, कामगाराच्या तोंडून कधी नाही. असो. तुमच्या पत्रात गेस्टच्या खोल्या आठ आहेत हे लिहिलंय, स्टाफ झोपतो कुठे ते लिहिलं नाहीये. रेस्टॉरंटमध्ये टेबलं बाजूला सारून झोपत असतील तर शेवटचा गेस्ट उठेपर्यंत त्यांना आडवं होता येत नाही, आणि मे महिन्यात मुंबई-पुण्याचे गेस्ट रात्री एकपर्यंत गप्पा मारत बसतात हे तुम्हाला मी सांगायला नको. गेस्टला सुरमई आणि स्टाफला तिन्ही त्रिकाळ तेच वरण-भात असं असेल, वाढून द्यायचं पण चाखायचं नाही असं असेल, तर हजार-दोन हजार हे फक्त निमित्त आहे. जाताना कोणी खरं कारण सांगत नाही, पैशाचं सांगितलं की वाद होत नाही म्हणून पैशाचं सांगतात.

हर्झबर्ग नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, १९५९ साली त्यांनी मांडलं होतं की पगार, कामाचे तास, राहण्या-वागण्याची परिस्थिती या गोष्टी वाईट असतील तर माणूस नाराज होतो पण चांगल्या असल्या म्हणून तो झपाटून काम करेलच असं नाही, झपाटून काम करायला लागतं कौतुक, जबाबदारी, पुढे जायची वाट. हॉटेल मॅनेजमेंटच्या प्रत्येक पुस्तकात हे असतं. मला एवढंच म्हणायचंय की त्यांनी अभ्यास केला तो इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांचा, रात्री उशिरा पंगतीचे टेबल उचलून तिथेच झोपणाऱ्यांचा नाही. आपल्याकडे अजून पहिलाच मजला, म्हणजे पगार, तास, राहणं, बांधून झालेला नसतो आणि मालक लोक डायरेक्ट दुसऱ्या मजल्यावर मोटिव्हेशन शोधायला जातात.

म्हणून आधी झोपायला एक वेगळी खोली, पंखा, पाणी, कुलपाची पेटी. मग हंगामाचा हिशोब कागदावर करा, दिवाळी ते मे अखेर राहिला तर शेवटी इतके जास्तीचे, तारीख लिहून, आणि ते त्या तारखेलाच द्या, जूनमध्ये बघू म्हणालात की पुढच्या दिवाळीला कोणी येत नाही आणि आख्ख्या गावात सांगतात ते वेगळंच. उचल मागितली तर द्या पण वहीत त्याच्यासमोर लिहा. खाडा कापायचा तर नियम आधी सांगा. आठवड्याची सुट्टी द्या, अगदी मे महिन्यातसुद्धा, अर्धी-अर्धी करून का होईना. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आठवड्याला सलग चोवीस तासांची सुट्टी आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर असं आहे, तुमच्यासारख्या छोट्या ठिकाणी तो सगळा लागू होईलच असं नाही, पण गोव्यातल्या मोठ्या हॉटेलात काम केलेल्या पोराला हे सगळं माहीत असतं आणि तो बाकीच्यांना सांगतो.

अजून एक, तुमची माणसं जर आजूबाजूच्या गावातली असतील तर शिमगा आणि गणपती हे दोन दिवस धरूनच चाला. त्या वेळी तो जाणार म्हणजे जाणार, साहेबाने अडवलं तर नोकरी सोडून जाणार. मुंबईतल्या भल्याभल्या हॉटेलांना हे कळायला वर्षं लागलीत. जूनमध्येच सगळ्यांना बसवा, यंदा गणपतीला कोण आणि शिमग्याला कोण ते त्यांनाच ठरवू द्या, तुम्ही ठरवलंत तर तुम्ही वाईट, त्यांनी ठरवलं तर ते पाळतात. आणि आचारी आणि एखादा हुशार पोऱ्या असे दोन जण तरी बारा महिने पगारावर ठेवा, पावसाळ्यात धंदा नसतो मान्य, पण दर दिवाळीला नव्याने शिकवायचा खर्च तुम्ही कधी मांडून बघितलाय का?

प्रश्न: २६/११ ला ताजमधल्या कर्मचाऱ्यांना मागचे सगळे रस्ते माहीत होते, ते पळून जाऊ शकले असते, तरी गेस्टसाठी थांबले असं वाचलंय. याला लीडरशिप म्हणायचं की संस्कार? मी हॉटेल लाइनमधला नाही, बँकेतून निवृत्त झालोय, सहज कुतूहल. (ठाणे)

उत्तर: या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणजे जरा दबकूनच लिहावं लागतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सुरू झालं ते २९ च्या सकाळी संपलं, ताजमध्ये एकतीस माणसं गेली आणि त्यात अकरा जण हॉटेलचे कर्मचारी होते. जनरल मॅनेजर करमबीर कंग यांची पत्नी आणि दोन लहान मुलं हॉटेलातच सहाव्या मजल्यावर होती, ती आगीत गेली, आणि तो माणूस गेस्टना बाहेर काढायच्या कामावर उभा राहिला. किचनच्या लोकांनी गेस्टना बाहेर नेताना त्यांच्याभोवती स्वतःचं कडं केलं, गेलेल्यांमध्ये त्यातले काही होते. एका बँक्वेट हॉलमध्ये मोठ्या कंपनीचं डिनर चालू होतं, तिथली इनचार्ज होती चोवीस वर्षांची मुलगी, तिने दारं लावून घेतली, दिवे घालवले, सगळ्यांना टेबलांखाली खाली बसवलं आणि रात्रभर तिच्या टीमने पाणी देत, काय हवं नको विचारत लोकांना शांत ठेवलं. तिला हे कोणी फोनवरून सांगत नव्हतं. असं काही करायचं असतं याचं मॅन्युअल तेव्हा कोणाकडेच नव्हतं.

मग ते आलं कुठून, हा तुमचा प्रश्न. हार्वर्डच्या लोकांनी नंतर याचा अभ्यास केला, २०११ मध्ये तो त्यांच्या नियतकालिकात छापून आला. त्यात निघालं ते थोडक्यात असं की ताजवाले खालच्या जागांसाठी मुलं मोठ्या शहरांतून कमी आणि छोट्या गावांतून जास्त घ्यायचे, मार्कांपेक्षा मोठ्यांशी कसा वागतो, हसतमुख आहे का, घरी गरज आहे का हे बघायचे, आणि बाकी हॉटेलं साधारण वर्षभर ट्रेनिंग द्यायची तिथे हे अठरा महिने द्यायचे. शिकवायचे काय तर गेस्टसमोर कंपनीची बाजू घेऊ नका, कंपनीसमोर गेस्टची बाजू घ्या. उलटं वाटतं ना? आणि तिसरं, २००१ पासून कौतुकाची एक पद्धत होती, गेस्टने किंवा सहकाऱ्याने कोणाबद्दल चांगलं कळवलं की त्याची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यायची, आणि ती द्यायची त्याच्या लगेच वरच्या साहेबाने.

मला त्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो एक साधा हिशोब. एक गेस्ट चोवीस तास हॉटेलात राहिला तर त्याची कर्मचाऱ्यांशी साधारण चाळीस-पंचेचाळीस वेळा गाठ पडते, दारवान, रिसेप्शन, लिफ्टपाशी कोणी, रूम सर्व्हिस, आणि त्यातल्या बहुतेक वेळी साहेब तिथे नसतो. म्हणजे हॉटेल चालवणं हे मुळातच साहेबाच्या पाठीमागे चालतं. मग समोर उभं राहून धाक दाखवून जे काम करून घेतलंत ते किती टक्के झालं? तुमच्या बँकेत काउंटर तरी मॅनेजरच्या काचेसमोर असायचा, इथे तीनशे सात नंबरच्या खोलीत चादर बदलणाऱ्या बाईंना कोण बघतंय.

संस्कार होतेच, नाकारत नाही. पण तेच संस्कार असलेली छोट्या गावातली मुलं दुसरीकडे लागतात आणि सहा महिन्यांत घड्याळ बघून काम करायला शिकतात, म्हणजे नुसते संस्कार पुरत नाहीत, ते टिकवणारं कोणीतरी वर लागतं. हॉटेलचा टॉवरचा भाग २१ डिसेंबर २००८ ला म्हणजे महिन्याच्या आत उघडला, जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० ला, आणि मधल्या काळात कर्मचाऱ्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, टाटांनी त्याच डिसेंबरात एक ट्रस्ट केला आणि त्यातून आपल्या माणसांनाच नाही तर बाहेरच्या पीडितांनाही मदत झाली. हेही त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

जाता जाता एक कुरकुर. हल्ली बऱ्याच हॉटेलांच्या ट्रेनिंगमध्ये २६/११ ची स्लाइड दाखवतात, बघा निष्ठा कशी असते, आणि त्याच महिन्यात फुटलेल्या ग्लासचे पैसे पोराच्या पगारातून कापतात. कृपा करून ती स्लाइड काढा.

प्रश्न: मी सावंतवाडीची, गोव्यात एका बीच रिसॉर्टला फ्रंट ऑफिसला आहे. आमचे जीएम (जनरल मॅनेजर) लॉबीत गेस्टसमोर ओरडतात, नंतर केबिनमध्ये बोलावून सॉरीही म्हणतात, मनाने चांगले आहेत. पण मला मग तासभर हसूच येत नाही, आणि रिव्ह्यूमध्ये कोणी लिहिलं की रिसेप्शन कोल्ड होतं तर तेही माझ्याच नावावर. माझं काही चुकतंय का? (गोवा)

उत्तर: नाही हो ताई, तुमचं काही चुकत नाहीये. हसणं हे तुमच्या कामाचाच भाग आहे आणि ते फुकट येत नाही. आर्ली हॉशिल्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या एअर होस्टेसचा अभ्यास करून १९८३ मध्ये हेच लिहिलं, की जसे हातपाय थकतात तसं पगारासाठी चेहरा आणि मन सांभाळणं हेही श्रमच आहेत आणि त्याने माणूस थकतो, कधी कधी स्वतःला नक्की काय वाटतंय तेच कळेनासं होतं. आता ज्या माणसाने हे श्रम करायचे त्यालाच कामाच्या मधोमध चारचौघांत झापायचं आणि वर विचारायचं की स्माईल कुठे गेलं.

जीएम मनाने चांगले असतील, घरी असतील, लॉबीत त्याचा उपयोग नाही. सॉरी केबिनमध्ये आणि अपमान लॉबीत हा सौदाच बरोबर नाही. करायचं काय तर, ते शांत असतील तेव्हा, बहुतेक दुपारी चेक-आउट आटपल्यावर, वेळ मागून घ्या आणि भावनेची भाषा अजिबात नको, रिव्ह्यूची भाषा बोला. सर, अमुक तारखेचे हे दोन रिव्ह्यू, त्या दिवशी त्या वेळी लॉबीत असं झालं होतं, गेस्ट बघत होते. तारखा लिहून ठेवायची सवय आजपासून लावा. जीएम लोकांना तुमचे डोळे भरून आलेले कळत नाहीत पण रेटिंगचा पॉइंट एकने घसरला की झोप येत नाही, हे माझं मत नाही, बघितलंय. मागणी एकच ठेवा, चूक झाली तर मागे ऑफिसात बोलवून कितीही बोला. आणि ड्युटी मॅनेजरशी ठरवून ठेवा की असं झालंच तर मला दहा मिनिटं डेस्कवरून सोडा, पाणी पिऊन येते. दहा मिनिटं पुरतात. दोन-तीन महिन्यांत फरक नाही पडला तर सीझन सुरू व्हायच्या आत, सप्टेंबरात, बायोडेटा फिरवा, गोव्यात तेव्हा फ्रंट ऑफिसला माणसं सगळ्यांनाच हवी असतात.

प्रश्न: कोल्हापुरात आमचं मटण थाळीचं हॉटेल, वडिलांपासून आहे. वाढपी आणि आचारी यांची रोज भांडणं. रविवारी गर्दीत तर आचारी झारा आपटून बाहेर जाऊन बसतो. दोघांनाही समजावून थकलो. (कोल्हापूर)

उत्तर: तुम्ही समजावताय पण भांडण स्वभावाचं नाहीये, रचनेचं आहे. १९४० च्या दशकात विल्यम फूट व्हाइट नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने शिकागोच्या रेस्टॉरंटांत राहून हेच बघितलं होतं. वेट्रेस येऊन ओरडून ऑर्डर द्यायच्या, आणि अनुभवाने, पगाराने, वयाने मोठे असलेले कूक वैतागायचे, कारण दर मिनिटाला कोणीतरी लहान माणूस त्यांना हुकूम सोडतोय असं व्हायचं. त्यावर निघालेला उपाय अगदी फालतू वाटेल असा, काउंटरवर एक फिरती चकती, वेट्रेसने चिठ्ठी तिला अडकवायची, कूकने हवी तेव्हा फिरवून बघायची. तोंडाने हुकूम बंद, भांडणं कमी. आपण आज जी केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, छापतो तिचा अर्धा फायदा हिशोबाचा आणि अर्धा हा.

तुमचा आचारी वडिलांच्या वेळचा असणार, पन्नाशीचा, आणि त्याला विशीतला पोऱ्या खिडकीतून ओरडतोय "पाच थाळी टाक, पांढरा वाढव, लवकर!" मग झारा आपटणारच. तर तोंडी ऑर्डर बंद करा, चिठ्ठी किंवा मशीन. खिडकीपाशी एकच माणूस उभा करा, बोलेल तर तोच, आणि तो वयाने जरा मोठा, आचाऱ्याला मामा किंवा काका म्हणणारा हवा. रविवारी बारा ते तीन तो माणूस तुम्हीच का नाही? गल्ल्यावर दुसरं कोणी बसेल. अजून एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही पण मी पैजेवर सांगतो, गिऱ्हाईक म्हणालं रस्सा खारट की तुम्ही गल्ल्यावरून वाढप्याला म्हणता "सांग जरा आत!" आणि तो वाढपी ते आत तिखटमीठ लावून सांगतो. ते स्वतः जाऊन, हळू आवाजात, गर्दी ओसरल्यावर सांगा. आणि सकाळी धंदा सुरू व्हायच्या आधी सगळ्यांचं जेवण एकत्र, आचारी-वाढपी एकाच पंगतीत, तुम्हीही. वाढप्याला आजचा तांबडा कसा झालाय ते माहीत नसेल तर तो गिऱ्हाइकाला काय सांगणार.

प्रश्न: बिलात सर्व्हिस चार्ज लावतात तो आमच्यापर्यंत येतच नाही, आणि टिपचा डबा मालक रात्री एकटा मोजतो. बोलायचं कसं? (नवी मुंबई)

उत्तर: सर्व्हिस चार्जचं असं आहे की जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं, बिलात तो आपोआप लावायचा नाही, हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने प्राधिकरणाचंच बरोबर ठरवलं. म्हणजे जबरदस्तीचा सर्व्हिस चार्ज हा मालकाच्याच गळ्याशी येणारा विषय आहे, त्यावर तुम्ही एकट्याने भांडू नका. टिपचं मात्र बोला, पण एकटे नको, पाच-सहा जण मिळून, आणि तक्रार म्हणून नाही तर पद्धत म्हणून, की डबा रोज सगळ्यांसमोर उघडायचा, आकडा वहीत लिहायचा, वाटा पॉइंटने, म्हणजे कामाप्रमाणे प्रत्येकाला ठरलेले गुण देऊन, ठरवायचा आणि त्यात भांडी घासणाऱ्या मावशींचाही पॉइंट धरायचा. मावशींचा वाटा तुम्हीच आधी मागितलात तर मालकाला नाही म्हणणं जड जातं. चोर म्हटल्यासारखं वाटेल असा एकही शब्द वापरू नका, वाटत असलं तरी.

प्रश्न: एम्प्लॉई ऑफ द मंथ सुरू करावं का? फोटो, सर्टिफिकेट वगैरे. (नागपूर)

उत्तर: करा, पण तिसऱ्या महिन्यापासून सगळ्यांना कळतं की पाळी पाळीने मिळतंय, मग तो फोटो फक्त पाहुण्यांनी बघायचा राहतो. त्यापेक्षा काल रात्री ज्याने लिफ्ट बंद असताना आजींची बॅग चार मजले चढवली त्याला आजच्या ब्रीफिंगमध्ये नाव घेऊन, काय केलं ते सांगून, सगळ्यांसमोर शाबासकी द्या. महिनाअखेरपर्यंत थांबलात तर तुम्हालाही आठवत नाही आणि त्यालाही. हाऊसकीपिंग आणि भांडी विभागाची नावं मुद्दाम शोधून घ्या, ते गेस्टला दिसत नाहीत म्हणून साहेबालाही दिसत नाहीत.

प्रश्न: काका, मी हॉटेल मॅनेजमेंटच्या सेकंड इयरला आहे, मुंबईत एका हॉटेलच्या किचनला इंडस्ट्रियल ट्रेनिंग चालू आहे. शेफ आईवरून शिव्या देतात, एकदा गरम पॅन हाताजवळ आपटला. सिनियर म्हणतात किचन असंच असतं, यातूनच शेफ घडतो. मला भाजी कापायलाही आता हात थरथरतो. लाइन सोडू का? (मुंबई)

उत्तर: लाइन सोडू नकोस बाळा, निदान या माणसामुळे तरी नको. किचन असंच असतं म्हणणाऱ्यांना एक सांग. तुमच्या किचनमधली ती जी उतरंड आहे ना, शेफ, त्याच्या खालोखाल सू-शेफ, मग एकेका विभागाचा शेफ द पार्टी, आणि तळाला शिकाऊ कॉमी, ती बसवली एस्कॉफिए नावाच्या फ्रेंच शेफने, लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात, १८९० च्या दशकात, सैन्यातल्या स्वतःच्या अनुभवावरून. आणि त्याच माणसाने किचनमध्ये शिवीगाळ आणि आरडाओरड बंद केली होती. म्हणजे ज्याच्या नावाने उतरंड चालवतात त्याचा दुसरा अर्धा नियम सोयीने विसरतात.

आता व्यवहाराचं बोलू. सर्व्हिसच्या वेळी "हात चालव, टेबल नऊ कुठाय" असं कोणी ओरडलं तर ते मनावर घेऊ नकोस, त्या वेळी गरमी, आवाज, टायमिंग, सगळ्यांचंच डोकं फिरलेलं असतं आणि अर्ध्या तासाने तोच माणूस तुला चहा देतो. आईवरून शिवी आणि हाताजवळ आपटलेला पॅन हे त्यात बसत नाही. दुसरं तर सरळ अपघात व्हायची गोष्ट आहे. आणि हात थरथरणाऱ्याच्या हातात सुरी देऊन काम चांगलं होईल असं ज्या शेफला वाटतं त्याला किचन चालवणं कळलेलं नाही, मग त्याचा सॉस कितीही भारी असो. अशा किचनमध्ये चुका कमी होत नाहीत, लपवल्या जातात, करपलेलं तळाला जातं आणि वरून नवीन ओतलं जातं, आणि शेवटी ते गेस्टच्या ताटात येतं.

कॉलेजच्या ट्रेनिंग कोऑर्डिनेटरना कळव, फोनवर नाही, मेल कर, तारीख, वेळ, काय शब्द वापरले, कोण हजर होतं ते सगळं लिही, शिवी आहे तशी लिही, लाजू नकोस. डिपार्टमेंट बदलून माग, बेकरी किंवा गार्ड मांजेला, म्हणजे सॅलडसारखे थंड पदार्थ करतात त्या विभागाला, तिथे जरा शांतता असते. तुझ्या बॅचच्या मुलींना कोणी काही अंगचटीचं बोलत असेल तर त्यांना सांग की २०१३ च्या कायद्याने प्रत्येक मोठ्या हॉटेलात अंतर्गत समिती असावीच लागते आणि ट्रेनीलाही तिथे तक्रार करता येते. आणि एक बघून ठेव, त्याच किचनमध्ये असा एखादा सू-शेफ नक्की असेल ज्याच्या सेक्शनला जायला सगळे टपलेले असतात. त्याच्या आसपास राहा, त्याच्यासाठी कांदा सोलायला मिळाला तरी सोल, तो चूक झाली की काय म्हणतो ते ऐक. लॉगबुक रोजचं रोज भर, ते मागे पडलं की हेच लोक सहीसाठी फिरवतात. आणि मेलला काय उत्तर आलं ते मला पुढच्या अंकाआधी कळव.